सोजराबाईचा दम

सोजराबाई भोईण मला पहिल्यांदा दिसली तेव्हा मी तिला रस्ता विचारला आणि तिनं उत्तर दिलं नाही. १९५५ सालचा हिवाळा होता. पिंपरीच्या बाजूला नदीकाठी एका कारखान्याचं बांधकाम सुरू झालं होतं. तिथं मला टायमकीपरची नोकरी लागली होती, आणि रहाटणीत खोली बघावी म्हणून मी पवनेच्या कडेकडेनं निघालो होतो. एका डोहाच्या काठी ही बाई दगडाला पाय लावून बसली होती. लुगड्याचा काचा मारलेला, मनगटाला दोराचे दोन वेढे, नजर पाण्यावर. मी म्हटलं, "बाई, रहाटणी कुठल्या अंगाला?" ती गप्प. मी पुन्हा विचारलं, जरा आवाज चढवून. तिनं मानसुद्धा वळवली नाही. ओठ घट्ट मिटलेले, कपाळावरची शीर फुगलेली. काय उर्मट बाई आहे, मी मनात म्हटलं. माझं डोकं तेव्हाही लवकर तापायचं. तिसऱ्यांदा तोंड उघडणार तोच तिनं भसकन श्वास सोडला, उठून हातोहात दोर ओढला, आणि पाण्यातून एक माणूस वर आला. त्याच्या हातात पितळेची कळशी होती.

"आता इचारा," ती धापा टाकत म्हणाली. "मघा आमचं धनी खाली व्हते. ते खाली असले की मला बोलता येत न्हाई."

तो माणूस म्हणजे तिचा नवरा ज्योतीराम. त्यांच्याच शेजारी मला खोली मिळाली, आणि पुढं दोन वर्षांत त्या दोघांची रीत मी इतक्या वेळा पाहिली की आजही डोळे मिटून सांगेन. पाणबुड्याच्या कमरेला दोर बांधायचा, दुसरं टोक काठावरच्या माणसाच्या मनगटाला. खालच्यानं बुडी मारली की त्याच क्षणी वरच्यानंही तोंड मिटून दम धरायचा. वरच्याला अगदी सोसवेनासं झालं की त्यानं श्वास सोडायचा आणि दोर ओढायचा. आकडे मोजायचे नाहीत, हाक मारायची नाही. दोर धरणारा मुद्दाम थोड्या तोकड्या दमाचा निवडायचा, म्हणजे खालच्याच्या छातीत चार श्वासांची शिल्लक असतानाच वरून ओढ बसते. म्हणून बहुतेक भोयांच्या घरी हे काम बायकोकडे असे.

सोजराबाईचं माहेर देहूचं. तिथं इंद्रायणीच्या डोहावर तिची आई तिच्या बापाचा दोर धरायची, आणि आई बाळंतीण असली की नऊ वर्षांची सोजरा. दोर हातात घेणाऱ्या बाईचे नेम तिनं तेव्हापासून पाळले होते. सर्दी-पडसं झालं की त्या दिवशी नवऱ्याला पाण्यात उतरू द्यायचं नाही. दोर धरायचा तर आधी पोटभर जेवायचं नाही. आणि सकाळी भांडायचं नाही, कारण राग आला की दम तोकडा होतो. भांडण काढायचंच झालं तर ते संध्याकाळपर्यंत राखून ठेवायचं. संध्याकाळपर्यंत ती बहुतेक वेळा विसरून जायची, आणि आठवलंच तर मग ज्योतीरामाची धडगत नसायची.

मला घड्याळाचा भारी गर्व. मनगटावर घड्याळ असलेला रहाटणीत तेव्हा मी एकटाच असेन. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तसली माझी गत. मी गुपचूप सोजराबाईचा दम मोजून बघितला. एक मिनिट वीस सेकंद. दुसऱ्या दिवशी एक मिनिट अठरा. महिनाभर मोजला तरी फरक तीन-चार सेकंदांचा. ज्योतीरामाचा दम मोजला तर दीड मिनिटाच्या जरा वर. मी तिला हे मोठ्या कौतुकानं सांगितलं, तशी ती खदाखदा हसली. "तुमच्या घड्याळात पानी गेलं तर ते मरतं, यशवंतराव. माझ्या छातीचं तसं न्हाई."

ज्योतीराम चाळिशीला टेकला होता. विहिरीत पडलेल्या घागरी, डोहात गेलेले दागिने, कधी बुडालेलं माणूस, हे सगळं काढायला चिंचवडपासून आकुर्डीपर्यंत त्यालाच बोलावणं यायचं. पण डाव्या कानातून त्याला आता पाणी यायचं, आणि हिवाळ्यात छाती भरायची. त्याला एकच घोर होता. छाती थकायच्या आत कुठंतरी कायम चिकटलं पाहिजे. सोजराबाईलाही तेच हवं होतं, फक्त ती तोंडानं म्हणायची नाही.

आणि १९५७ च्या जानेवारीत ती संधी दाराशी आली. कारखान्यासाठी नदीच्या डोहातून पाणी उचलणारा मोठा पाइप टाकला होता. पाइपाच्या तोंडाला लोखंडी जाळी, तीन पुरुष खोल. पंप सुरू करून बघितला तर पाणीच येईना. पावसाळ्यात वाहून आलेली काटेरी तार आणि पोती त्या जाळीवर गुंडाळली गेली होती. ओव्हरसियर उद्धवरावांनी ज्योतीरामला बोलावलं आणि सगळ्यांसमक्ष सांगितलं, "जाळी मोकळी कर. पंपहाउसवर कायम माणूस लागणारच आहे. दर पावसाळ्यानंतर हेच काम. जागा तुझी."

सोजराबाई दोर घेऊन काठावर बसली. ज्योतीराम पाच वेळा खाली गेला. दर वेळी तार चाचपून कात्री लावतोय तोवर वरून ओढ बसे. तार कापली जाई ती एखाद-दुसरी, आणि तो वर येईतो पाण्याच्या ओढीनं पोती पुन्हा घट्ट बसत. मध्ये एक जाड पीळ होता, तो एका दमातच सोडवायला हवा होता. उद्धवराव काठावर येरझाऱ्या घालत होते. शेवटी चिडून म्हणाले, "ही बाई ओढते म्हणून काम अडतंय. शुक्रवारपर्यंत बघतो, नाहीतर मुंबईच्या गोदीतून पाणबुड्याचा पोशाख घालणारा माणूस मागवतो. मग जागाही त्याचीच."

पुढं जे झालं ते मी केलं. हे मी कुणाला फारसं सांगितलेलं नाही, म्हणून इथं सरळच लिहितो.

पुण्यात शिकत असताना मी पोहण्याच्या तलावावर जायचो. तिथली पोरं पाण्याखालून लांब जाण्याची पैज लावायची, आणि सूर मारण्याआधी तीस-चाळीस खोल श्वास भराभर घ्यायची-सोडायची. असं केलं की छातीला बराच वेळ धाप लागत नाही. माणूस दुप्पट वेळ आत राहतो. माझी समजूत अशी की जास्त हवा आत साठवली जाते. अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालेला मी. त्या तलावावर एकदा एक पोरगा पाण्यातच निपचित पडला होता आणि त्याला काढून पालथा घातला होता, हेही मला आठवत होतं. पण तो उपाशी आला असेल असं तेव्हा कुणीतरी म्हणालं होतं, आणि मला ते पटलं होतं. ज्योतीरामला युक्ती सांगताना मी त्या पोराचं नाव काढलं नाही.

ज्योतीरामनं खोलीच्या मागं परसात बसून करून बघितलं. मी घड्याळ धरलं. अडीच मिनिटं. त्याचे डोळे लकाकले. "साहेब, छाती कशी मोकळी वाटतीय. बोटांला मुंग्या येत्यात, पर आत काय बी तगमग न्हाई."

"मुंग्या म्हणजे ताकद भरली," मी म्हणालो. मी डॉक्टर की वैद्य? पण म्हणालो खरा.

अडचण राहिली सोजराबाईची. ती तिच्या दमावर ओढणार, म्हणजे सव्वा मिनिटाला वर. युक्ती सांगितली तर ती ऐकेल का, असं मी विचारलं. ज्योतीरामनं मान हलवली. छातीला फसवायचं म्हटलं तर ती दोरच जाळून टाकील, असं तो म्हणाला. तेव्हा मी म्हटलं, "मग तिला सांग की तिचाच दम कमी झालाय. वय झालं म्हण. दोर मी धरतो, माझ्याकडे घड्याळ आहे."

"तिला खोटं सांगू?" तो माझ्याकडं बघतच राहिला. "न्हाई साहेब. ते न्हाई जमायचं."

दोन दिवस तो नाही म्हणत होता. दोन दिवस मी त्याच्या मागं लागलो होतो. कायम जागा, राहायला खोली, म्हातारपणी पाण्यात उतरणं नाही, हे सगळं मीच त्याला पुन्हा पुन्हा ऐकवलं. तिच्याच भल्यासाठी आहे, हेही. तिसऱ्या दिवशी तो कबूल झाला, आणि कबूल होताना त्यानं माझ्याकडं बघितलं नाही.

बुधवारी सकाळी नेहमीच्या डोहावर दोघं सराव करायला गेली. मीही गेलो. ज्योतीराम आधी खडकाआड गेला, लघवीला जातो म्हणून. तिथं त्यानं चाळीस श्वास घेतले आणि तिथूनच पाण्यात शिरला. सोजराबाईनं दम धरला. तिची नेहमीची वेळ झाली, शीर फुगली, तिनं ओढलं. ज्योतीराम वर आला तो असा, की जणू काठावरच बसला होता. एरवी तो वर आला की घोड्यासारखा फुरफुरायचा. त्या दिवशी छाती संथ, आवाज संथ. "इतक्यात ओढलंस?" तो म्हणाला.

तो पुन्हा खडकाआडूनच पाण्यात शिरला, तिनं पुन्हा दम धरला. पुन्हा तेच. ती धापा टाकतेय आणि तो थंड. तिसऱ्या वेळी तर तिनं इतका ताण दिला की डोळ्यांत पाणी आलं आणि ओठ निळसर पडले. तरी तो वर येऊन शांतपणे म्हणाला, "सोजरा, तुझा दम सरलाय आता."

माझ्या घड्याळात एक मिनिट एकोणीस सेकंद झाले होते. दोन वर्षांपूर्वी होते तेवढेच. तिनं मला विचारलं नाही, घड्याळावर तिचा विश्वास नव्हता. आणि मी आपण होऊन सांगितलं नाही.

संध्याकाळी ती माझ्या दारात आली. दोराचं वेटोळं तिच्या हातात होतं. धुऊन, वाळवून, नीट गुंडाळून आणलं होतं. "यशवंतराव, आजवर वाटायचं त्येंचा दम माझ्याच छातीत हाय," ती म्हणाली. "आता ते म्होरं गेलं आन् म्या मागं ऱ्हायली. माझ्यापायी त्येंची जागा जाया नगं. तुमी धरा." तिचा आवाज रडवेला नव्हता. चोरी करताना पकडली गेल्यासारखी ती शरमलेली होती. मी दोर घेतला. त्या घडीला एक शब्द बोललो असतो तरी पुरला असता. पण मला उद्धवरावांसमोर शहाणा ठरायचं होतं.

गुरुवारी दहा वाजता ज्योतीराम पंपहाउसच्या भिंतीआड गेला. तिथं पंपाचा मिस्त्री नवाब इंजिनाला तेल घालत होता, त्यानं त्याला भराभर श्वास घेताना बघितलं. मग ज्योतीराम पाण्यात उतरला. मी दोर धरून उभा. माझं तोंड उघडं होतं, श्वास चालू होता, आणि नजर घड्याळावर. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. ठरलं होतं की सव्वादोन मिनिटांनी ओढायचं. एक मिनिट झालं. दोर हलत होता, म्हणजे खाली काम चाललं होतं. दीड मिनिट झालं. तारेचा एक मोठा तुकडा वर तरंगत आलेल्या पोत्यात अडकून दिसला, तसे उद्धवराव खूश होऊन ओरडले, "सुटली!" पावणेदोनला दोर थांबला. मला वाटलं, आता तो शेवटचा पीळ सोडवतोय. मी घड्याळ बघत राहिलो. सव्वादोन झाली तेव्हा ओढलं, आणि दोराला जे ओझं लागलं ते जिवंत माणसाचं नव्हतं.

नवाबनं उडी मारली. दोघांनी मिळून त्याला काठावर घेतलं. चेहरा शांत होता. तोंड वासलेलं नाही, हातपाय झाडल्याची खूण नाही. कात्री तशीच मुठीत. नवाबनं त्याला पालथा घालून पाठ दाबायला सुरुवात केली, आणि किती वेळानं कोण जाणे, त्याच्या तोंडातून पाणी आलं आणि छाती हलली. श्वास परत आला. ज्योतीराम मात्र आला नाही.

पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात तो सहा आठवडे होता. मग घरी पाठवलं. डोळे उघडायचा, पण नजर कशावर ठरायची नाही. पेज तोंडात घातली तर गिळायचा. कोण भरवतंय ते त्याला कळत नव्हतं. पंपहाउसची जागा वसंतपंचमीच्या आधीच दुसऱ्याला मिळाली. जाळी मोकळी झाली होती, पाणी चालू झालं होतं, आणि उद्धवरावांनी एकदा केळी पाठवली होती.

कारखान्याच्या दवाखान्यात मंगळवारी-शुक्रवारी पुण्याहून एक म्हातारे डॉक्टर यायचे. ते एकदा रहाटणीला ज्योतीरामला बघायला आले. सोजराबाईनं त्यांना दारातच गाठलं. "डाक्तर, एक सांगा. त्येंचा दम माझ्यापरीस मोठा झाला व्हता. मग दमानं दगा कसा दिला?"

डॉक्टर खाटेच्या कडेला बसले. नवाबनं त्यांना भिंतीआडच्या श्वासांचं आधीच सांगितलं होतं. "बाई, तुमच्या घरात चूल आहे," ते म्हणाले. "दार लावून चूल पेटवली तर तुम्ही दार का उघडता? हवा कमी पडली म्हणून?"

"न्हाई. धूर झोंबतो म्हून."

"बरोबर. अंगातही तसंच. आपण श्वास घेतो तो प्राणवायूसाठी. पण श्वास कोंडला की जी तगमग होते ती प्राणवायू संपल्याची नव्हे. रक्तात कार्बनचा वायू साठतो, तो आपला धूर. मेंदूच्या देठाशी, इथं मानेच्या वर, एक पहारेकरी आहे. तो रक्तातला हा धूर चाखत असतो. धूर वाढला की तो ओरडतो, श्वास घे, श्वास घे. मानेतल्या शिरांपाशी प्राणवायूवर नजर ठेवणारे दुसरे आहेत, पण त्यांचा आवाज बारीक आणि उशिरानं येतो. तुमच्या नवऱ्यानं बुडण्याआधी भराभर श्वास घेऊन सगळा धूर बाहेर टाकला. हवा तेवढीच राहिली, धूर मात्र नाहीसा झाला. मग पहारेकरी ओरडेल कशाला? आत प्राणवायू संपत आला, आणि त्यांना वाटत होतं, सगळं ठीक आहे. दिवा विझावा तसे ते विझले."

मी दाराला टेकून उभा होतो. सोजराबाई म्हणाली, "म्हंजी त्येंचा दम मोठा झालाच नव्हता."

"नाही. धाप उशिरा लागत होती इतकंच."

"आन् माझा?"

"तुमचा काय? तुम्ही नेहमीसारखा दम धरत होतात ना?"

"व्हय."

"मग तुमची छाती खरंच सांगत होती. तुमच्या दमावर ओढलं असतं तर ते शुद्धीतच वर आले असते."

मला वाटलं, आता ती किंचाळेल. ती फक्त खाटेकडं वळली. ज्योतीरामची छाती खालीवर होत होती. मी मोजलं होतं, मिनिटाला सोळा. कुणी सांगत नव्हतं, कुणी शिकवत नव्हतं, तरी एक चुकत नव्हता.

त्या दिवसांत ती त्याच्याशी दिवसभर बोलत असे. आज पाणी किती आलं, नदीत मळीचा वास येतो, नवाबच्या बायकोनं, नूरबीनं, शिरखुर्मा दिलाय, असलं काहीबाही. एकदा पहाटेच्या गारव्यात गोधडी सरकून त्याच्या तोंडावर आली, तशी त्याची छाती जोरानं भरू लागली, एकदम दुप्पट वेगानं. सोजराबाईनं गोधडी काढली, श्वास संथ झाला. ती धावत माझ्याकडं आली. "मला हाक मारली त्येंनी! घुसमटलं तसं मला बोलावलं!" पुढच्या शुक्रवारी तिनं डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टर चांगले होते, खोटं बोलले नाहीत. म्हणाले, "गोधडीखाली त्यांचाच सोडलेला श्वास परत आत गेला, धूर वाढला, पहारेकरी ओरडला. तो पहारेकरी शाबूत आहे, बाई. घराचा मालक नाही." तरी ती बोलत राहिली. तिला पटलं होतं की नाही, मला कधी कळलं नाही.

आषाढात एक दिवस मला राहवेना. सकाळी मी तिच्या ओट्यावर जाऊन बसलो. ती आत त्याला कुशीवर वळवत होती. बाहेर आली, पदरानं हात पुसले. मी म्हटलं, "सोजराबाई, ती श्वासाची युक्ती मी सांगितली होती."

ती खाली बसली. मला वाटलं, थुंकेल तोंडावर. ती सावकाश म्हणाली, "मला वाटलंच व्हतं. पुन्याकडचं कायतरी आसंल ते. तुमी वाईट म्हून न्हाई सांगितलं, यशवंतराव. त्येंची जागा व्हावी म्हून सांगितलं."

माझ्या छातीवरचा दगडच उतरला. इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. मला रडू यायला लागलं.

मग ती माझ्याकडं सरकून बसली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "एक इचारू? खरं सांगा. माझा दम सरलाय म्हून मला सांगायचं, ह्ये बी तुमीच त्येंना शिकिवलं व्हतं का?"

तिच्या तोंडाकडं बघून मला कळलं की तिला काय हवंय. मी हो म्हणावं म्हणून ती श्वास रोखून बसली होती. युक्तीची चूक तिनं पोटात घातली होती. पण अठरा वर्षं ज्या माणसाबरोबर तिनं दम धरला, त्यानं तिच्या तोंडावर तिच्या छातीला खोटं ठरवलं, तिला शरमेनं दोर सोडायला लावला, हे तिला सोसत नव्हतं. ते खोटं त्याचं नसलं तर तिला नवरा परत मिळणार होता, खाटेवर पडलेला का होईना. एक शब्द. आणि तो खराच होता.

आणि मी मात्र नुकताच माफ झालो होतो. अर्धी कबुली देऊन मी सुटलो होतो, आणि उरलेली अर्धी दिली तर हा सुटकेचा श्वास परत जाईल, एवढंच मला दिसत होतं. मी भित्रा माणूस आहे. आवाज मोठा, घड्याळ मनगटावर, पण आतून भित्रा.

"नाही," मी म्हणालो. "ते नाही. ते मला माहीतच नव्हतं."

"म्हंजी त्येंनीच," ती म्हणाली.

ती उठून आत गेली. मी ओट्यावर तसाच बसून राहिलो. आतून पेज ढवळल्याचा आवाज आला, चमच्याचा आवाज आला, त्याला कुशीवर वळवल्याचा आवाज आला. तिच्या बोलण्याचा आवाज आला नाही.

ज्योतीराम त्यानंतर तीन वर्षं जगला. तीन वर्षं तिनं त्याला भरवलं, पुसलं, पाठीला जखम होऊ दिली नाही. डॉक्टर म्हणायचे, अशी सेवा मी पाहिली नाही. पण त्या सकाळनंतर ती त्याच्याशी एक अक्षर बोलली नाही. शेवटच्या दिवशी त्याचा श्वास अडखळू लागला, थांबून थांबून येऊ लागला, तेव्हाही ती शेजारी बसून होती, आणि तोंड मिटलेलंच होतं.

त्या आषाढानंतरच्या दिवाळीत, म्हणजे सत्तावन सालीच, भाऊबीजेला ती ताट घेऊन माझ्या खोलीवर आली होती. त्याआधी तिनं मला कधी ओवाळलं नव्हतं. पाटावर बसवलं, कुंकू लावलं, आणि म्हणाली, "भाऊ, समद्यांनी केसानं गळा कापला. खरं बोलणारा एक तुमीच ऱ्हायलात."

मी ओवाळून घेतलं.